इंग्रजी पक्की करावी की चिनी शिकावी?

इंग्रजी बऱ्यापैकी येते. आता पुढची काही वर्षे तिच्यावरच आणखी मेहनत घ्यावी की चिनी शिकायला सुरुवात करावी, असा प्रश्न पडलेल्या माणसाला बहुधा एकच सल्ला मिळतो: येणारा काळ चीनचा आहे, तेव्हा चिनी शिका. चीन २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला आणि २०१० मध्ये जपानला मागे टाकून जगातील दुसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था बनला, हे खरेच आहे. मात्र देश मोठा झाला की त्याची भाषाही आपोआप जगाची होते, असे गृहीत धरून आपली वर्षे खर्ची घालण्यापूर्वी या दोन भाषा प्रत्यक्षात कोणते काम करतात, हे नीट तपासून घ्यावे, असे मला आग्रहाने वाटते. येथे चिनी म्हणजे मॅन्डरिन, चीनमधील शिक्षणाची आणि प्रशासनाची प्रमाण भाषा, असे समजावे.

मातृभाषा म्हणून मॅन्डरिन बोलणारे ९० कोटींहून अधिक आहेत, तर इंग्रजीचे मातृभाषिक सुमारे ४० कोटींच्या आसपास. एवढ्यावर थांबले तर चिनीचे पारडे जड दिसते. परंतु इंग्रजी वापरणाऱ्यांची एकूण संख्या सुमारे १५० कोटी मानली जाते, म्हणजे दर चार जणांपैकी जवळपास तिघांनी ती शिकून घेतलेली आहे. मॅन्डरिन शिकून घेतलेले लोकही कोट्यवधी आहेत, पण त्यांतील बहुसंख्य चीनमधलेच, घरी कँटोनीज किंवा शांघाय परिसरातील वू यांसारख्या भाषा बोलणारे आहेत. माझ्या मते साऱ्या तुलनेचे मर्म येथे आहे. इंग्रजी ही दोन परक्यांनी एकमेकांशी बोलण्याची भाषा झाली आहे; चिनी ही आजही मुख्यतः चिनी माणसांशी बोलण्याची भाषा आहे.

हे किती खोलवर रुजले आहे, त्याचे विमान वाहतुकीइतके ठळक उदाहरण दुसरे नाही. १९७७ मध्ये टेनेरीफ बेटावरील विमानतळाच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमानांची टक्कर होऊन ५८३ जण मृत्युमुखी पडले. डच वैमानिक आणि स्पॅनिश नियंत्रक इंग्रजीत बोलत होते. वैमानिकाने उड्डाणाविषयी उच्चारलेले संदिग्ध वाक्य नियंत्रकाने वेगळ्या अर्थाने घेतले, आणि दुर्घटनेच्या कारणांपैकी ते एक ठरले. त्यानंतर संभाषणातील शब्दप्रयोग काटेकोर करण्यात आले आणि ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, असा दंडक पडला. पुढे २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणे करणाऱ्या वैमानिकांना इंग्रजीची किमान पातळी सिद्ध करणे आवश्यक झाले. अशी व्यवस्था नियम, प्रशिक्षण आणि परवाने यांत बसलेली असते, त्यामुळे एखाद्या देशाचे उत्पन्न वाढले वा घटले म्हणून ती बदलत नाही. आग्नेय आशियातील देशांच्या ‘आसियान’ संघटनेनेही आपल्या सनदेत कामकाजाची भाषा म्हणून इंग्रजीच नोंदवली आहे, आणि हे सर्व देश चीनचे शेजारी किंवा निकटचे व्यापारी भागीदार आहेत. शांघाय सहकार्य संघटनेत चिनी ही अधिकृत भाषा आहे, पण तेथेही ती रशियनसोबत आहे.

इतिहास पाहिला तर सत्ता आणि भाषा एकाच वेगाने चालत नाहीत, असे दिसते. पश्चिमेकडील रोमन साम्राज्य पाचव्या शतकात लयाला गेले, तरी १६८७ मध्ये न्यूटनने आपला मुख्य ग्रंथ लॅटिनमध्येच लिहिला. याउलट पूर्व युरोपातील शाळांत सक्तीने शिकवली जाणारी रशियन १९८९ नंतर झपाट्याने मागे पडली. जपान चार दशके जगातील दुसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था होता, त्याच्या मोटारी आणि यंत्रे सर्वत्र पोहोचली, पण जपानी भाषा दोन परक्या देशांमधला दुवा झाली नाही.

मग चिनी शिकण्यात अर्थ नाही का? मुळीच तसे नाही, आणि ज्यांना तिचे काम आहे त्यांच्यासाठी तिला पर्यायही नाही. महाजालावरील संकेतस्थळांपैकी जवळपास निम्मी इंग्रजीत आणि अगदी थोडी चिनीत आहेत, असे मोजणी सांगते. पण चीनमधील व्यवहार, चर्चा आणि बातम्या मोठ्या प्रमाणावर वीचॅटसारख्या अॅपमध्ये घडतात आणि बाहेरच्या शोधयंत्रांना त्यातले फारसे दिसत नाही. प्रांतिक सरकारांच्या अधिसूचना, औद्योगिक मानके, न्यायालयीन निर्णय, कारखानदारांचे आपसातले बोलणे यांतील फार थोडा भाग इंग्रजीत येतो, आणि जो येतो तो बऱ्याचदा उशिरा आणि निवडून आलेला असतो. विज्ञानात मात्र चिनी संशोधक स्वतःच आपले महत्त्वाचे निबंध मोठ्या प्रमाणावर इंग्रजीत प्रसिद्ध करतात, त्यामुळे केवळ शास्त्रीय वाचनासाठी चिनी शिकण्याची निकड तुलनेने कमी आहे.

आता खर्चाकडे वळू, कारण निर्णय बहुधा येथेच होतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना स्पॅनिश किंवा फ्रेंच शिकवायला ६०० ते ७५० तास धरते आणि चिनीला २२०० तास. मराठी माणसाला यात थोडी सवलत मिळते. प आणि फ, त आणि थ यांतील जो फरक इंग्रजीभाषकांना कष्टाने शिकावा लागतो, तो आपल्या कानांना उपजत कळतो. रोमन लिपीत चिनी लिहिताना वापरला जाणारा ‘झेड’ आपल्या ‘चाक’मधील च इतका जवळचा आहे की तो वेगळा शिकावा लागत नाही. क्रियापदांची रूपे पुरुष, लिंग, वचनाप्रमाणे बदलत नाहीत, हीदेखील मोठी सोय आहे.

सूर मात्र कोणालाच सुटत नाहीत. ‘माइ’ खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात म्हटले की विकत घेणे, आणि झटक्यात खाली येणाऱ्या सुरात म्हटले की विकणे. व्यापारासाठी भाषा शिकणाऱ्याला हा फरक चुकवून चालणार नाही. लिपीचा डोंगर त्याहून मोठा आहे. नदी, सरोवर, समुद्र या अक्षरांच्या डाव्या बाजूस पाण्याचे तेच तीन थेंब दिसतात आणि उजवा भाग अनेकदा उच्चाराची खूण देतो, म्हणून अक्षरे निव्वळ घोकावी लागत नाहीत. तरीही परदेशी विद्यार्थ्यांच्या चिनीची पातळी ठरवणाऱ्या चीनच्या २०२१ च्या मानकात सर्वोच्च पातळीसाठी ३००० अक्षरे आणि ११ हजारांहून अधिक शब्द अपेक्षित आहेत.

दोन्ही भाषांतील आणखी एक फरक मला निर्णायक वाटतो. अर्धीमुर्धी इंग्रजीही उपयोगी पडते, कारण समोरचाही बहुधा ती शिकूनच आलेला असतो आणि सांभाळून घेतो. अर्धवट चिनीने आपुलकी निर्माण होते, पण काम होत नाही. करारातील अट समजण्याइतकी ती आली नाही, तर बैठक दुभाष्यावर किंवा समोरच्याच्या इंग्रजीवरच चालते. पाट्या आणि साधे ईमेल वाचण्याचे काम आता यांत्रिक भाषांतरही करते. म्हणजे चिनी शिकायची तर वरच्या पातळीपर्यंत जाण्याच्या तयारीनेच शिकावी.

म्हणून ज्याला इंग्रजीत अहवाल लिहिताना किंवा बैठकीत आपले म्हणणे मांडताना अजून अडखळायला होते, त्याने आधी इंग्रजीच पक्की करावी. तिचा लाभ कोणत्याही देशात आणि क्षेत्रात मिळेल. इंग्रजी हाताशी आहे आणि काम चिनी कारखान्यांकडून खरेदीचे, चीनविषयक अभ्यासाचे, परराष्ट्र धोरणाचे किंवा भाषांतराचे आहे, त्याने चिनी अवश्य घ्यावी, मात्र चार-पाच वर्षे रोज वेळ देता येईल याची खात्री करून. सुरुवातीचे काही महिने शिक्षकासमोर बसून केवळ सूर आणि उच्चार घटवावेत, कारण तेथे बसलेली चूक पुढे निघत नाही. लिपी चीनच्या मुख्य भूमीशी किंवा सिंगापूरशी व्यवहार असल्यास सरलीकृत, म्हणजे कमी रेघांची सोपी केलेली, निवडावी आणि तैवान वा हाँगकाँगशी असल्यास पारंपरिक, म्हणजे जुन्या पूर्ण रूपातली.