तीन किलोवॅट सोलर, अकोल्याचा उन्हाळा आणि ३१ मार्च

सोलर बसवल्यानंतर पावसाळा, हिवाळा आणि एक आख्खा उन्हाळा काढला, मगच लिहायला बसलोय. बसवल्या-बसवल्या पहिल्या महिन्याचं बिल दाखवून खूश होणारे पुष्कळ असतात. या प्रकाराचा खरा हिशोब वर्ष फिरल्याशिवाय कळत नाही, आणि तो का कळत नाही हेच मुख्यतः सांगायचंय.

घर अकोल्यात, स्वतःचं, वर मोकळी गच्ची. माणसं चार. हिवाळ्यात दीडशे युनिटच्या आसपास भागतं. एप्रिल-मेमध्ये दोन कूलर आणि फ्रीज चोवीस तास चालू, वडिलांच्या खोलीत रात्री एसी. मग साडेचारशेच्या पुढे जातो. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटपर्यंत एक भाव, त्यानंतर तीनशेपर्यंत जवळपास दुप्पट, आणि पुढे पाचशेपर्यंत आणखी चढा. म्हणजे उन्हाळ्यात आपण जास्त वीज वापरतो आणि वर ती महागही घेतो. सोलर आधी हे वरचे महाग युनिट खातो, म्हणून आमच्यासारख्यांना तो परवडतो. ज्यांचं बारा महिने शंभरच्या आत भागतं, त्यांचे पैसे वसूल व्हायला फार वर्षं लागतील, हे कोणताच वेंडर सांगत नाही.

योजना 'पीएम सूर्यघर', घराच्या गच्चीवरच्या सोलरला केंद्राचं अनुदान देणारी, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे तीन किलोवॅटला ७८,०००. त्यापुढे कितीही मोठा बसवा, अनुदान तेवढंच. खर्च पावणेदोन ते दोन लाखांच्या घरात येतो. अनुदान नंतर बँकेत येतं, आधी सगळी रक्कम तुम्हालाच उभी करावी लागते. बँका यासाठी कर्ज देतात आणि त्याचं व्याज घरदुरुस्तीच्या कर्जापेक्षा बरंच कमी असतं. पॅनेल भारतात बनलेल्या सेलचेच लागतात, नाहीतर अनुदान मिळत नाही. स्वस्तात पॅनेल देतो म्हणणाऱ्याला हे पहिलं विचारा.

कागदपत्रांत बहुतेक घरं एकाच जागी अडतात. वीजबिल आजोबांच्या नावावर, घर वडिलांच्या, बँक खातं मुलाचं. बिलावरचं नाव आणि अर्जदार जुळला नाही तर पुढे सरकत नाही. नावबदल आधी उरकून घ्या, वेंडर नंतर शोधा.

आता मुख्य गोष्ट. तीन किलोवॅटवर चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिटच्या आसपास तयार होतात. दिवसा घरात जेवढी लागते तेवढी वापरली जाते, उरलेली बाहेर जाते आणि नेट मीटरवर, म्हणजे येणारी-जाणारी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरवर, जमा दिसते. रात्री आपण ती परत घेतो. महिनाअखेरीला जमा उरली तर पुढच्या महिन्यात ओढली जाते. इथवर सगळं झकास. पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टला, निर्मिती चांगलीच उतरते, पण कूलर बंद असतात, त्यामुळे टोचत नाही. दिवाळीनंतर मात्र जमा वाढायला लागते. थंडीत आकाश निरभ्र, वापर कमी. जानेवारी, फेब्रुवारीत बिलावरचा जमा युनिटांचा आकडा बघून आमचे वडील रोज खूश. "उन्हाळ्याची सोय झाली," म्हणायचे.

ती होत नाही. वीज नियामक आयोगाच्या नियमांत जमा युनिटांचं वर्ष ३१ मार्चला संपतं. त्या दिवशी शिल्लक असेल ती वीज कंपनी ठरलेल्या दराने विकत घेते आणि १ एप्रिलला खातं शून्यावर येतं. तो दर आपण एप्रिलमध्ये जे युनिट विकत घेतो त्याच्या जवळपासही नसतो. ज्या आठवड्यात विदर्भात पारा चाळिशी ओलांडतो आणि कूलरला नवी खस लागते, नेमकी तेव्हाच हिवाळ्याची कमाई मोडीच्या भावाने जाते. मार्चअखेर हा हिशोबनिसांच्या सोयीचा दिवस आहे, ऊन-पावसाशी त्याचा काही संबंध नाही. हेच वर्ष सप्टेंबरअखेरीला संपलं असतं तर आमच्या जमेतला एक युनिटही वाया गेला नसता. पावसाळ्याअखेर शिल्लक अशीही नसतेच.

उन्हाळ्यात निर्मितीही जास्त असते, असं यावर कुणी म्हणेल. असते. पण फार तापलं की पॅनेलची ताकद थोडी घटते, आणि रात्रीचा एसी त्या दिवशीच्या जमेतून पुरा पडत नाही. मे महिन्याचं आमचं बिल निम्म्याहून बरंच खाली आलं, शून्य आलं नाही. शून्य तसंही येत नाहीच. स्थिर आकार दर महिन्याला भरावा लागतो, गावी जाऊन घर बंद ठेवलं तरी.

म्हणून किती किलोवॅट घ्यायचे हे मे महिन्याच्या बिलावरून ठरवू नका. वर्षाच्या बारा बिलांवरचे युनिट जोडा, एका किलोवॅटला वर्षाला साधारण चौदाशे युनिट धरून भागा, आणि येईल त्यापेक्षा किंचित कमीच घ्या. जास्त घेतलेलं सगळं मार्चमध्ये जातं. शेजारच्या काकांनी पाच किलोवॅट घेतले, "एकदाच काय ते मोठं घेऊन टाका" म्हणून. अनुदान आमच्याइतकंच, आणि मार्चअखेरची शिल्लक आमच्या कितीतरी पट.

२०२५ मध्ये आणखी एका गोष्टीने झोप उडवली होती. दिवसा तयार झालेली वीज दिवसाच्याच वापरातून वळती करायची, रात्रीच्या नाही, असा महावितरणचा प्रस्ताव आयोगापुढे होता आणि त्यावर राज्यभर हरकती गेल्या. सोलरवाल्या घरांचा सगळा हिशोब अशा नियमांवर उभा असतो. पॅनेल पंचवीस वर्षं टिकेल, पण नियम किती टिकेल याची हमी कोणत्याच पावतीवर नसते. आयोगाच्या जाहीर सुनावण्यांना सामान्य ग्राहकही लेखी हरकत पाठवू शकतो, आणि दोन पानांचं साधं मराठी पत्र चालतं.

देखभालीचं थोडक्यात. वेंडरवर पाच वर्षांची देखभाल बंधनकारक आहे, पण आमचा वेंडर पैसे पूर्ण मिळाल्यावर फोन उचलेनासा झाला. आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक आणि अर्थिंग कोटेशनमध्ये आहे की नाही हेही आधी वाचून घ्या, ते शेवटी 'एक्स्ट्रा' म्हणून पुढे येतं. धूळ आम्ही स्वतःच धुतो, पहाटे, काच थंड असताना. इकडच्या लोकांसाठी एक खास सूचना. आपण खारपाणपट्ट्याच्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या पट्ट्याच्या, काठावर. बोअरच्या पाण्याने धुतलं तर पॅनेलवर पांढरी साय राहते, आणि ती धुळीपेक्षा वाईट. नळाचं पाणी वापरा, तेही फडक्याने, पाईप लावून नको. नळ आठवड्यातून किती वेळा येतो ते माहीतच आहे, म्हणून एक ड्रम त्यासाठी वेगळा ठेवलाय.

लाइट गेली की सोलरही बंद. हे अनेकांना आधी पटत नाही. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, स्वतःहून थांबतो, आणि ते योग्यच आहे. मे महिन्यात वादळाने तारा तुटल्या की भर उन्हात डोक्यावर तीन किलोवॅट आणि घरात पंखा बंद. जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर विकू नका. दुपारी गल्लीतले सगळेच वीज बाहेर ढकलू लागले की व्होल्टेज चढतं आणि सोलरचा इन्व्हर्टर मधूनच बंद पडतो. आमच्याकडे हे झालं, अर्ज दिल्यावर ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज वर-खाली करायची जोडणी) बदलला, आता ठीक.

आता राहिली न मिळणाऱ्यांची गोष्ट. आमच्या समोर भाड्याने राहणारं कुटुंब आहे. गच्ची मालकाची, मालक पुण्यात, बिल भाडेकरूचं. मालकाला खर्च करण्यात रस नाही, भाडेकरूला हक्क नाही. फ्लॅटवाल्यांची गच्ची सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही. सोसायट्यांना लिफ्ट-पंपासारख्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० मिळतात, पण त्याने घरातलं बिल उतरत नाही. कमी वापराच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांसाठी राज्याने २०२५ मध्ये वेगळी जोड-अनुदानाची 'स्मार्ट' योजना आणली हे बरं झालं. तिथेही छप्पर आपलं लागतंच.

तर घ्यावा का? स्वतःची गच्ची, सावली नाही, सरासरी वापर दीडशेच्या वर, बिलावर नाव आपलं, एवढं असेल तर जरूर घ्या. आमच्या हिशोबाने साडेचार-पाच वर्षांत पैसे फिटतील. आणि मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात जमा शिल्लक दिसत असेल तर गाद्या-गोधड्या, पडदे सगळं वॉशिंग मशीनला लावा, पाण्याच्या टाक्या भरा, इंडक्शनवर स्वयंपाक करा. आमच्याकडे तेवढे दिवस गॅस जवळजवळ पेटत नाही.