ट्वाइन: गोष्टीसाठी आणि बातमीसाठी, वर्षभर वापरून झाल्यावर

ट्वाइन म्हणजे वाचकाला पर्याय देत पुढे सरकणारी, फाटे फुटणारी गोष्ट संगणकावर लिहायचं साधन. ते फुकट आहे, एका दुपारी शिकता येतं आणि मराठी मजकूर त्यात व्यवस्थित चालतो. मात्र बातमीसाठी वापरायचं असेल तर गोष्टीच्या दुप्पट चपला झिजवायची तयारी ठेवा. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना मी हे साधन शिकवते, आणि माझ्या स्वतःच्या कथाही त्यात लिहिते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगते.

ओळख थोडक्यात. क्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये ट्वाइन आणलं. ते मुक्तस्रोत आहे. मजकुराच्या प्रत्येक चौकटीला ‘पॅसेज’ म्हणतात. दुहेरी चौकटी कंसात शब्द लिहिला की त्याची लिंक होते, त्या नावाचा कोरा पॅसेज आपोआप उभा राहतो आणि पडद्यावरच्या पॅसेजच्या नकाशात दोघांमध्ये बाण येतो. सगळी गोष्ट शेवटी एका एचटीएमएल फाइलमध्ये, म्हणजे एका वेबपानात, मावते. ती व्हॉट्सॲपवरून डॉक्युमेंट म्हणून पाठवली तरी समोरच्याच्या फोनवर ब्राउझरमध्ये उघडते. चित्रं आणि आवाज मात्र आपोआप त्या फाइलमध्ये जात नाहीत, ते वेगळे सांभाळावे लागतात.

मराठीत काम करताना पहिलं खटकतं ते दिसणं. ठरलेला फॉन्ट रोमन लिपीसाठी निवडलेला असतो, त्यामुळे देवनागरी अक्षरं ब्राउझरला जी सापडतील ती येतात आणि ओळी एकमेकींना चिकटतात. स्टाइलशीटमध्ये, म्हणजे दिसण्याचे नियम लिहायच्या जागी, ओळींमधलं अंतर वाढवा आणि मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट लावा. तिरोमध्ये ल आणि श आपल्या वळणाचे मिळतात. दुसरी अडचण जास्त छळते. ‘निघून जा’ आणि ‘निघुन जा’ हे ट्वाइनच्या लेखी दोन वेगळे पॅसेज आहेत. ‘शेतकऱ्याचं घर’ मधला ऱ्या तर वेगवेगळे कीबोर्ड आतून वेगवेगळ्या संकेतांनी लिहितात. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण नकाशावर त्याच नावाची दोन घरं उभी राहतात आणि त्यातलं एक रिकामं असतं. म्हणून पॅसेजला नुसते आकडे द्यायचे आणि वाचकाला दिसणारा मजकूर लिंकमध्ये ‘->’ या बाणाआधी वेगळा लिहायचा, असं आम्ही ठरवून टाकलं. व्हेरिएबलची, म्हणजे वाचकाची निवड लक्षात ठेवणाऱ्या कप्प्यांची, नावंही रोमनमध्येच ठेवावी लागतात.

कथेत पोरांना फाटे फोडायची नशा चढते. प्रत्येक वळणावर दोन पर्याय दिले की पाचव्या वळणाला ३२ शेवट होतात, दहाव्याला १०२४. कोण लिहिणार? उपाय असा की वाटा पुन्हा एकत्र आणायच्या आणि वाचकाने मागे काय निवडलं ते व्हेरिएबलमध्ये जपून ठेवायचं. एका विद्यार्थिनीच्या कथेत मुलगी रात्रीच्या एसटीने घर सोडते. कंडक्टरला ती खरं गाव सांगते किंवा खोटं. पुढे स्टँडवरच्या कँटीनचा प्रसंग दोन्ही वाटांना तोच आहे. खोटं सांगितलेलं असेल तर फक्त एक वाक्य बदलतं: कंडक्टर चहा घेता घेता तिच्या गावातल्या ओळखीच्या माणसाचं नाव काढतो. एवढं पुरतं. संवाद, गती, कुठे थांबायचं हे सगळं मी वर्गात फळ्यावर शिकवत होतेच, पण ट्वाइनमध्ये ते मुलांच्या हाताला लागलं.

बातमीत हीच सवय गोत्यात आणते. केंद्राने ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद केली, त्यावर एका गटाने काम घेतलं. वाचक म्हणजे लासलगावजवळचा शेतकरी, ट्रॉलीत कांदा, भाव पडलेले. पर्याय दोन: आजच्या लिलावात विका, किंवा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, साठवा. कागदावर छान दिसत होतं. मुलांनी ते एका शेतकऱ्याला फोनवर दाखवलं, तर तो म्हणाला, “लाल कांदा चाळीत? कोणाच्या?” डिसेंबरात बाजारात येतो तो खरिपाचा लाल कांदा, आणि तो टिकत नाही. चाळीत महिनोन्‌महिने राहतो तो उन्हाळी. खेळाला दोन बटणं हवीत म्हणून मुलांनी शेतकऱ्याला नसलेली मुभा देऊन टाकली होती.

साध्या बातमीत एखादी शक्यता लिहायची राहिली तर ती उणीव ठरते. इथे जास्तीची शक्यता लिहिली तर ती सरळ चुकीची माहिती होते, कारण प्रत्येक लिंक म्हणजे ‘हे करता आलं असतं’ असं विधान असतं. आम्ही तो पर्याय ठेवला, पण राखाडी रंगात, दाबता न येणारा. वाचक त्यावर बोट ठेवतो आणि काहीच होत नाही. त्याच्या जोडीला विंचूर किंवा पिंपळगावच्या बाजारात गाडी न्यायची, शेतात उरलेल्या कांद्याची काढणी चार दिवस लांबवायची, असे पर्याय आले आणि प्रत्येकासाठी पुन्हा माणसं गाठावी लागली. पॅसेजच्या टॅगला, म्हणजे त्याला लावलेल्या खुणेच्या शब्दाला, रंग देता येतो, त्याचा इथे उपयोग झाला: दोन ठिकाणी पडताळलेलं ते हिरवं, बाकीचं तसंच. पहिल्याच पडद्यावर ‘हा शेतकरी अनेकांच्या अनुभवांतून उभा केला आहे’ ही ओळ मी सक्तीची केली आहे.

घटनाक्रम मात्र ट्वाइनमध्ये कोंबू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात बंदी, ४ मे २०२४ ला टनाला ५५० डॉलर किमान दराच्या अटीवर ती उठली. ही सरळ रेघ आहे. त्यासाठी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबचं टाइमलाइनजेएस बरं, गूगल शीटमध्ये ओळी भरल्या की काम झालं.

जपून राहायची एक गोष्ट. ब्राउझरमधल्या ट्वाइनचं सगळं लिखाण त्या ब्राउझरच्याच साठ्यात असतं. संगणक कक्षातल्या मशीनवर सफाई झाली आणि एकीची महिन्याभराची कथा गेली. डेस्कटॉपवरची आवृत्ती घ्या, किंवा उठण्याआधी रोज आर्काइव्ह, म्हणजे सगळ्या लिखाणाची एक फाइल, उतरवा. छापील मजकूर वाचायची सवय असलेल्या संपादकासाठी ‘प्रूफ’ची सोय आहे, सगळे पॅसेज सलग मिळतात. ती मला फार आवडते.

किती वाचकांनी कोणती वाट धरली हे ट्वाइन स्वतःहून सांगत नाही. ते कळायला हवं असेल तर वेगळा कोड जोडावा लागतो. तो मी अजून जोडलेला नाही. सध्या वाचणाऱ्याच्या शेजारी बसते आणि त्याचं बोट कुठे जातं ते वहीत लिहून घेते.