पाटी नाही, बिल नाही, तरी जा

बसायला ऑइलचा उपडा डबा, पाणी मागितलं तर शेजारच्या चहावाल्याकडे बोट, आणि फोन उचलायची पद्धत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे काचेच्या केबिनमध्ये बसून कॉफी पीत गाडीची वाट बघणाऱ्यांनी पुढे वाचायची तसदी घेऊ नये. ग्वाल्हेरला बहोडापूरच्या बाजूने ट्रान्सपोर्ट नगरात शिरलात की जुन्या टायरांचे ढीग लागतात, त्यांच्या मागे हे डिझेल गाड्यांच्या मेकॅनिकचं दुकान. पाटी कधीतरी होती असं म्हणतात. आता नुसत्या दोन खिळ्यांना गंज चढलाय.

माझी गाडी 2006 सालची इंडिका, डिझेल, 1405 सीसी, बिनटर्बोची. नोएडाच्या मामेभावाची. दिल्लीकडे दहा वर्षांपुढच्या डिझेलवर गदा आली तेव्हा त्याने ती मला जवळजवळ फुकट दिली, आणि तेव्हापासून जिंसी नाल्याच्या आमच्या बोळात ती भिंतीला आरसे घासत उभी असते. पंधरा वर्षं झाल्यावर फिटनेस काढून फेरनोंदणीही केली. मुलगा पुण्याहून दर रविवारी फोनवर म्हणतो, "आई, विकून टाक तो खटारा." मी विषय बदलते.

डिसेंबरपासून तिने सकाळी कुरकुर सुरू केली. आधी दोन सेल्फ, मग चार, आणि जानेवारीत धुकं उतरलं त्या आठवड्यात तर साफ नकार. सेल्फ फिरायचा, पण दम लागलेल्या माणसासारखा, कूं... कूं... करत. मागून पांढऱ्या धुराचा लोट यायचा, डोळ्यांत पाणी आणणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा. गंमत म्हणजे दुपारी बारा-एकला बॉनेटवर ऊन आलं की हीच बाई पहिल्या सेल्फला सुरू. शेजारचे बापू म्हणाले, डिझेल जमलंय. टाकीखाली निखारे ठेवा असंही म्हणाले. बापूंचं वय बघता मी फक्त मान डोलावली.

नणंदेकडे झाशीला हळदीकुंकवाला जायचं होतं, म्हणून घाईत एका चकचकीत वर्कशॉपमध्ये फोन केला. नाव लिहीत नाही. टोचन करून गाडी नेली. तिथल्या मुलाने एअर फिल्टरचं झाकण काढून आत कसलासा स्प्रे मारला आणि मला म्हणाला, मारा सेल्फ. इंजिनात घण घातल्यासारखा 'ठण्ण' आवाज झाला, गाडी दोन सेकंद थरथरली आणि गप्प. मग साहेब आले. बॉनेटमध्ये वाकले नाहीत, एक वायरसुद्धा हलवली नाही, आणि निदान सांगितलं: इंजिनाला डिझेल देणारा पंप गेला. पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवायचा, नोझल (डिझेल फवारणाऱ्या तोट्या) नवे, चोवीस हजारांच्या आसपास. मी म्हटलं, दुपारी सुरू होते की हो ती, मग पंप फक्त सकाळी जातो का? त्यावर ते हसले. ते हसू मला चोवीस हजारांपेक्षा महाग वाटलं. त्याच टोचनने गाडी घरी.

ट्रान्सपोर्ट नगरचा पत्ता मला दूधवाल्याने दिला. त्याची जुनी बोलेरो तिथेच जाते.

इथल्या उस्तादांचं वय साठीच्या पुढे असावं. कानटोपी, त्यावर मफलर, हातात ग्लास. गाडी टोचनवरून सुटली, पण ते उठले नाहीत. बसल्या जागेवरून पहिला प्रश्न, "धुआँ आया था? किस रंग का?" मी म्हटलं, पांढरा. "और दोपहर में?" दुपारी सुरू होते. "तो पंप को गाली मत दीजिए." पंपाचं नाव मी अजून काढलंसुद्धा नव्हतं. सगळ्यांना आधी पंपच सांगतात, हे त्यांना पाठ असणार.

मग चहा संपेपर्यंत त्यांनी मला जे समजावलं ते असं. सेल्फ नीट फिरतोय आणि सायलेन्सरमधून काहीच येत नाही, तर डिझेल पोचतच नाही. मग टाकी, फिल्टर, पाइपात धरलेली हवा, पंपावरचा कट-ऑफ सोलेनॉइड, हे बघायचं. चावी लावल्यावर तो सोलेनॉइड 'टक्' करतो. टक् नाही, तर डिझेलचा दरवाजा बंद. पण पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ. डिझेल आत जातंय, पेटत नाही. आणि ऊन लागलं की पेटतंय, म्हणजे आत ऊब कमी पडतेय.

बापूंचा सिद्धान्तही इथेच निकालात निघाला. डिझेलमधलं मेण थंडीने गोठलं तर ते फिल्टरमध्ये अडकतं, मग धूर कुठला? शिवाय हिवाळ्यात पेट्रोल पंपावर येणारं डिझेल वेगळ्या मानकाचं असतं, 6 अंशांपर्यंत ते फिल्टरमधून जायलाच हवं असा दंडक आहे. उन्हाळी डिझेलला हीच मर्यादा 18 अंश आहे. आमच्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा 6 च्या खाली जातो हे खरं, पण गाडी बोळात दोन वाड्यांच्या मधे उभी असते, माळावर नाही.

एवढं बोलून झाल्यावर उस्ताद उठले. आता खरं बघण्यासारखं. पेट्रोल गाडीत ठिणगी असते. डिझेलला ठिणगी नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच ते पेटतं. इंडिकाच्या या जुन्या इंजिनात डिझेल आधी हेडमधल्या एका छोट्या कोठीत पडतं. थंडीत त्या कोठीचं लोखंड गार असतं आणि दाबलेल्या हवेची ऊब तेच पिऊन टाकतं. म्हणून प्रत्येक कोठीत एक हीटर प्लग, चार सिलिंडरला चार. डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखं पिवळं चिन्ह पेटतं ना, ते विझेपर्यंत थांबायचं असतं ते याचसाठी. माझं चिन्ह रोज पेटत होतं, रोज विझत होतं, म्हणून मी निर्धास्त होते. उस्ताद म्हणाले, ते चिन्ह फक्त टायमर चालू असल्याचं सांगतं. प्लग जिवंत की मेलेले, ते त्याला काय ठाऊक.

चारही प्लगना जोडणारी पत्र्याची पट्टी त्यांनी काढली. खिशातून निघाला इंडिकेटरचा बल्ब, दोन वायरी डकवलेला. एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी एकेका प्लगच्या टोकाला. पहिला, बल्ब पेटला. दुसरा, नाही. तिसरा, पेटला. चौथा, नाही. दोन प्लग मेलेले. सगळा खेळ तीस सेकंदांचा. पट्टी न काढता बघितलं असतं तर जिवंत प्लगमधून करंट जाऊन बल्ब चारही ठिकाणी पेटला असता, हेही त्यांनी दाखवून दिलं. वीज कंपनीच्या बिल विभागात बत्तीस वर्षं काढूनही (लोकांना वाटतं मी खांबावर चढायचे) समांतर जोडणी मला त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी दिसली.

मला वाटलं, झालं काम. पण ते तिथेच थांबले नाहीत, म्हणून तर हे लिहायला बसले. दोन प्लग चांगले असताना गाडीने निदान दोन सिलिंडरवर खोकत का होईना सुरू व्हायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं. मग सेल्फच्या त्या दमेकरी आवाजाकडे वळले. बॅटरीवर मीटर, 12.5 व्होल्ट, म्हणजे ठीक. मला सेल्फ मारायला लावला. बॅटरीच्या टोकांवर 10.4, पण सेल्फच्या टोकापासून त्याच्याच बॉडीपर्यंत मोजलं तर 8.9. मधले दीड व्होल्ट कुठे गेले? जंपरची एक जाड केबल घेऊन त्यांनी बॅटरीचा मायनस थेट इंजिनच्या लोखंडाला जोडला आणि म्हणाले, अब मारिए. सेल्फ असा गरकन फिरला की मी दचकून चावी सोडली. गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी, म्हणजे करंटची परतीची वाट, हिरव्या-पांढऱ्या खारात सडली होती. बोट लावलं तर तिचे तंतू बिस्किटासारखे मोडले.

सेल्फ हळू फिरला की हवा सावकाश दाबली जाते, फटींतून निसटते, तापत नाही. त्यात निम्मे प्लग मेलेले. उन्हात दोन्ही दोष झाकले जायचे, सकाळी दोघे एकत्र यायचे.

माझी खात्री पटावी म्हणून त्यांनी पंपाचीही साक्ष काढली. एका नोझलच्या पाइपाचा नट अर्धा फेरा सैल केला, सेल्फ मारला, डिझेल ठोक्याठोक्याने उसळलं. फिल्टर आणि पंपाच्या मधे थोडा वेळ पारदर्शक नळी लावून बुडबुडे दिसतात का तेही पाहिलं. एकही नाही. तुम्ही वाचून हे घरी करणार असाल तर लक्षात ठेवा, नट सैल करायचा प्रकार फक्त असल्या जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीवर. कॉमन रेलवाल्या नव्या गाड्यांत तिथे हजार बारच्या पुढे दाब असतो, ती धार कातडीत घुसते. उस्ताद स्वतः त्या गाड्यांना हात लावत नाहीत, सरळ परत पाठवतात. आणि तो स्प्रे? हीटर प्लगच्या गाडीत तो मारायचाच नाही. प्लग लाल असला की स्प्रे पिस्टन वर पोचायच्या आधीच पेटतो. तो 'ठण्ण' आवाज पिस्टनवर बसलेला मार होता. स्प्रेची हकीकत माझ्याकडून ऐकल्यावर उस्तादांनी त्या वर्कशॉपला ज्या शब्दांत हाक मारली ते इथे लिहिता येत नाहीत.

हिशेब असा. चार प्लग 1,400 (दोनच बदलू का विचारलं तर म्हणाले, उरलेले दोघे पुढच्या थंडीत जातील, मग परत माझं डोकं खायला याल), अर्थची नवी पट्टी 220, मजुरी 800. एकूण 2,420. सिगारेटच्या पाकिटाच्या मागे पेन्सिलने लिहून दिलं. तेच बिल.

आता तक्रारी, कारण आहेतच. "एक घंटा" म्हणाले आणि साडेचार लागले. मधे एका ट्रकवाल्याचं काम आलं तर माझी गाडी उघड्या बॉनेटने तशीच. मी गजक खात, टायरांच्या ढिगावर येणारं-जाणारं ऊन बघत बसले. सीटवर काळा पंजा उमटलाय, तो तीन धुण्यांत गेला नाही. यूपीआयचा कागद चिकटवलाय पण तो भाच्याच्या खात्याचा, आणि भाचा नसला की रोकडच लागते. बाईमाणसाला एकटीला तिथे अवघड वाटेल का? मला कुणी वाकडं बोललं नाही. मात्र उस्तादांनी दोनदा "अम्माजी" म्हटलं, ते मी वहीत नोंदवून ठेवलंय. सकाळी दहाच्या आत जा. नंतर ट्रकांची रांग लागते आणि जुन्या मोटारींची पाळी संध्याकाळी येते.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला, काचेवर दव, बोळात पुढचं काही दिसत नाही. पिवळं चिन्ह विझेपर्यंत थांबले, सेल्फ मारला. दोन फेरे, आणि सुरू. बापू गॅलरीत आले, मी हात केला. झाशीला वेळेत पोचले.

हॉर्न मात्र त्या दिवसापासून वाजत नाही. अर्थची पट्टी बसवताना कुठलीशी वायर परत खोचायची राहिली असणार. झाशीपर्यंत डिपर मारत गेले. उद्या जाते, दहाच्या आत.