व्हर्च्युअल मीडिया: कन्सोलमधून जोडावा की नेटवर्क शेअरवरून?

दूरच्या सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टम बसवताना आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशन डिस्कची हुबेहूब प्रत) त्याच्यापर्यंत पोहोचवण्याचे दोन मार्ग नेहमी समोर येतात. पहिल्यात फाइल आपल्या लॅपटॉपवरच राहते आणि रिमोट कन्सोलच्या, म्हणजे सर्व्हरचा पडदा दुरून दाखवणाऱ्या, विंडोतून जोडली जाते. दुसऱ्यात सर्व्हरच्या बोर्डावरील स्वतंत्र व्यवस्थापन चिप, म्हणजे बीएमसी, ती नेटवर्कवरील एनएफएस, सीआयएफएस किंवा एचटीटीपी शेअरवरून (फाइल वाटून देण्याच्या या तीन पद्धती) स्वतः वाचते. सर्व्हरला दोन्ही वेळा यूएसबीचा सीडी ड्राइव्हच दिसतो; यालाच व्हर्च्युअल मीडिया म्हणतात. म्हणून ड्राइव्ह मुळीच दिसत नसेल, तर मार्ग बदलण्याआधी बीएमसीची सेटिंग पाहावीत. डेलच्या आयड्रॅक या बीएमसीमध्ये ‘अटॅच मोड’ ‘डिटॅच्ड’वर राहिलेला असणे किंवा आयड्रॅक अथवा एचपीईच्या आयएलओच्या परवान्यात ही सोयच नसणे, ही कारणे वारंवार आढळतात.

कन्सोलचा मार्ग लगेच वापरता येतो, कारण त्यासाठी वेगळा फाइल सर्व्हर उभा करावा लागत नाही. मात्र प्रत्येक ब्लॉक आपल्या इंटरनेट जोडणीवरून जातो आणि सर्व्हर त्या त्या ब्लॉकची वाट पाहत थांबतो, त्यामुळे बँडविड्थ भरपूर असली तरी लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ) जास्त असल्यास वेग पडतो. १० एमबीपीएसच्या अपलोडवर ४ जीबीची पूर्ण फाइल वाचायला आदर्श स्थितीतही सुमारे ५३ मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात ब्राउझरचा टॅब बंद झाला किंवा लॅपटॉप स्लीपमध्ये गेला की ड्राइव्ह तुटतो. इन्स्टॉलर सुरू होऊन मध्येच ‘माध्यम सापडत नाही’ असे म्हणू लागला, तर आधी याच ठिकाणी शोधावे. जुन्या बीएमसीचा कन्सोल जावा वेब स्टार्टवर चालतो आणि ते जावा ११ मधून काढून टाकलेले आहे. तेथे फर्मवेअर अद्ययावत करून एचटीएमएल५ कन्सोल मिळतो का, ते पाहावे.

शेअरच्या मार्गात फाइल सर्व्हरच्याच नेटवर्कमध्ये ठेवता येते, आणि मोठ्या इन्स्टॉलेशनसाठी माझ्या मते हाच मार्ग निवडावा. यातील बिघाड बहुधा माउंटच्या, म्हणजे शेअर जोडण्याच्या, वेळीच उघड होतात. शेअर आपल्या लॅपटॉपवरून उघडतो म्हणून बीएमसीवरूनही उघडेल असे गृहीत धरू नये, कारण बीएमसीचे नेटवर्क आणि फायरवॉलचे नियम वेगळे असतात. काही जुने फर्मवेअर फक्त एसएमबीची (सीआयएफएस शेअर ज्यावर चालतो त्या प्रोटोकॉलची) पहिली आवृत्ती बोलतात, जी आजच्या फाइल सर्व्हरवर सहसा बंद असते. सुरक्षेची ती तडजोड करण्यापेक्षा फर्मवेअरमध्ये सोय असल्यास एनएफएस किंवा एचटीटीपी वापरावे.

एखादे छोटे रेस्क्यू आयएसओ एकदाच चालवायचे असेल, तर शेअर उभारण्याची खटपट व्यर्थ आहे. तेथे कन्सोल पुरेसा आहे.

ड्राइव्ह दिसूनही त्यावरून बूट होत नसेल, तर दोन्ही मार्गांत एकच तपासणी करावी: सर्व्हर यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेली बूट पद्धत) मोडमध्ये असल्यास आयएसओमध्ये यूईएफआय बूटची सोय हवी. जुने सत्र अडकून नवी जोडणी नाकारली जात असेल, तर बीएमसी रीसेट करावे. त्याने सर्व्हरवर चालू असलेली ऑपरेटिंग सिस्टम सहसा बंद पडत नाही, मात्र त्या ड्राइव्हवरून इन्स्टॉलेशन सुरू असेल तर ते तुटते.