विकलेला कुत्रा परत आणायचा की तिथूनच त्याला नवं घर शोधायचं?

"लॅब्रॅडॉर सोफा फाडतोय, घेऊन जा." असा मालकाचा फोन आला की ब्रीडरपुढे (कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्यापुढे) दोन वाटा. कुत्रा स्वतःकडे आणला तर त्याचा स्वभाव डोळ्यांदेखत पारखता येतो. मात्र घरात लसी अपुऱ्या असलेली पिल्लं असतील, तर त्याला निदान 14 दिवस वेगळं ठेवा; पार्व्हो (पिल्लांच्या जिवावर बेतणारा विषाणू) त्याच्यासोबत आला, तर तो साध्या फिनाइलने जात नाही, ब्लीच लागतं. दुसरी वाट म्हणजे नवं घर मिळेपर्यंत त्याला तिथेच राहू द्यायचं. खर्च वाचतो, पण कंटाळलेला मालक त्याला दिवसभर साखळीला बांधेल, नाहीतर भलत्याच्याच गळ्यात मारेल. मी तरी परतच आणेन. पैसे किती नि कधी परत, हे विक्रीच्या वेळीच कागदावर हवं. (8-10 महिन्यांचा लॅब सोफा फाडणारच, हेही तेव्हाच सांगायचं असतं.)