जुनी रेसर सायकल आरामाची करायची तर: सरळ हँडल की मागे वळलेलं?

माळ्यावरची रेसर खाली काढली की पहिल्या दिवशी माणूस हौसेने फिरतो आणि दुसऱ्या दिवशी मान धरून बसतो. माझंही तेच झालं. सायकल काकांची. स्टीलची, 27 इंची, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल. काका तिच्यावरून बेळगावात रोज शहापूरहून कॅम्पात कामाला जात, पार वाकून. पन्नाशीत मला ते झेपणारं नव्हतं. मला हवी होती गणपत गल्लीतून भाजी आणायला आणि संध्याकाळी किल्ला तलावाकडे एक चक्कर मारायला सायकल, तीही आजूबाजूला बघत चालवता येईल अशी.

शिंगं तशीच ठेवून दांडा, म्हणजे हँडल धरणारा आणि फ्रेममध्ये उतरणारा उभा भाग, वर ओढा, असं सुचवणारे भेटतात. दांड्यावर एक रेघ असते, तिच्यापलीकडे ओढलात तर एक दिवस हँडल हातात येईल. रेघेपर्यंत ओढून मिळते जेमतेम दोन बोटं उंची. तो नाद सोडा. खरे मार्ग दोनच: एमटीबीसारखं, म्हणजे माउंटन बाइकसारखं सरळ हँडल, नाहीतर लेडीज सायकलला असतं तसं मागे वळलेलं. मी दोन्ही याच सायकलवर एकेक पावसाळा वापरली आहेत.

दोन्हींची सुरुवात एकाच भांडणाने होते, दांडा जागचा हलत नाही. वरचा बोल्ट दोन-तीन आटे सैल करून, त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडी मारली की आतली पाचर खाली बसते आणि दांडा सुटतो, असं सगळे सांगतात. माझा दोन रात्री रॉकेल पिऊन तिसऱ्या दिवशी सुटला.

आधी सरळ हँडल घेतलं, कारण ते दिसायला झकास आणि दांडा जुनाच चालतो. चालतो म्हणजे जवळपास चालतो. माझ्या दांड्याची पकड 26 मिलिमीटरची, नवं हँडल मध्यात 25.4. सहा दशांशाचा फरक, पण तेवढ्यानेही हँडल खड्ड्यात गर्रकन खाली फिरतं. आपल्याकडे उद्यमबाग असताना काळजी कसली, म्हणून एका लेथवाल्याकडे बुशी, म्हणजे फट भरणारी कडी, करून घ्यायला गेलो. त्याने व्हर्निअर लावला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ह्याला लेथ कशाला की ओ काका? कोल्ड्रिंकचा डबा कापून गुंडाळा." खरंच, डब्याचा पत्रा साधारण एक दशांश मिलिमीटरचा. तीन वेढे दिले, पकड घट्ट बसली. दांड्यावर जोर पडला की करकर आवाज मात्र शेवटपर्यंत येत राहिला.

ब्रेकच्या मुठींचं आधीच सांगतो, कारण दोन्हीकडे हीच चूक होते. शिंगांचा पाइप जाडीला 23.8, या दोन्ही हँडलांचा 22.2. जुन्या मुठी बसणार नाहीत, नव्या घ्याव्या लागतात. पण दुकानदार हमखास एमटीबीच्या व्ही-ब्रेकच्या मुठी हातात ठेवतो. त्या वायर जास्त ओढतात, ताकद मात्र कमी देतात. रेसरच्या चिमट्यासारख्या ब्रेकला त्या लावल्या की मूठ लाकडासारखी लागते आणि सायकल थांबायचं नाव घेत नाही. साध्या कॅलिपर, म्हणजे त्या चिमट्याच्याच ब्रेकच्या मुठी मागा, स्वस्तही मिळतात. पावसात स्टीलची रिम ओली झाली की ब्रेक धरत नाही ते वेगळंच, त्याला हँडल काय करणार.

सरळ हँडलचे गुण नाकारत नाही. गर्दीत सायकल म्हणेल तिकडे वळते. कपिलेश्वर पुलाचा चढ उभं राहून मारताना जोर थेट पायडलवर जातो. पण कंबर म्हणाल तर म्हणावी तशी सरळ होत नाही. रेसरचा वरचा पाइप मुळातच लांब, त्यावर सरळ हँडल टाकलं तरी हात पुढेच राहतात. शिंगांपेक्षा बरं, इतकंच.

आणि मग करंगळी. सरळ हँडलवर तळवे खाली, मनगट किंचित बाहेर मुडपलेलं आणि अंगाचा भार तळहाताच्या टाचेवर. करंगळीकडे जाणारी नस नेमकी तिथूनच जाते. दहा-पंधरा मिनिटांत करंगळी आणि शेजारचं अर्धं बोट मेल्यासारखं व्हायचं. ग्रिप बदलल्या, हातमोजे घातले, सीटचं नाक थोडं वर केलं. फरक पडला, पण चिमूटभर. रोज संध्याकाळी टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटला सायकल थांबली की मी उजवा हात झटकत उभा. एकदा पलीकडच्या बाजूने स्कूटरवरच्या एका आजोबांना वाटलं मी त्यांनाच हात करतोय. त्यांनी हात केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी गेट उघडल्यावर त्यांनी स्कूटर बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही अनगोळच्या पावण्यांपैकी काय ओ?" काय उत्तर द्यायचं? घरी आलो आणि पाना शोधायला लागलो.

मागे वळलेलं हँडल मी दांड्यासकटच घेतलं, लेडीज सायकलचं, एकाच तुकड्यात जोडलेलं. जुन्या दांड्याची पकड, डब्याचा पत्रा, करकर, सगळं एका फटक्यात गेलं. माझ्या सायकलला 22.2 चा दांडा सरळ आत उतरला. तुम्ही आधी आपला मोजून घ्या, जुन्या फ्रेंच सायकलींत तो 22 चा असतो. पहिल्या फेरीतच जाणवलं की तळवे एकमेकांकडे तोंड करून आहेत, जशी आपण दोन्ही हातांत पिशव्या धरतो तशी. मनगट मुडपत नाही, भार हातावर येतच नाही. करंगळी जिवंत राहिली.

भार जातो कुठे? सीटवर. रेसरची चिंचोळी सीट उभ्या बसणाऱ्याला विळीसारखी लागते, तेव्हा रुंद स्प्रिंगची सीट त्याच दिवशी घ्या. मला हँडलपेक्षा सीट महाग पडली. मागच्या टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवा. टायर बदलायचाच असेल तर बाजूला 630 हा आकडा बघूनच घ्या. 700सी म्हणजे 622, तो चढणारच नाही आणि काळ्या सायकलीचा 28 इंची 635 सैल बसेल. ब्रेकच्या वायरी लांब लागतात. गिअरच्या दांड्या खालच्या तिरक्या पाइपवर असतील तर उभं बसून तिथवर हात पुरत नाही. मी मागच्या मधल्या चक्रावर चेन टाकून तो विषयच बंद केला, बेळगावात चालून जातं. एकदम आखूड वळण घेतलं तर हँडलचं टोक गुडघ्याला लागतं, पहिल्या आठवड्यात दोनदा लागलं. पुलावर समोरून वारा असला की छाती शिडासारखी होते. पावसात उभं बसलं की रेनकोटाच्या मांडीवर तळं साचतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा सरळ हँडल वाईट, असं मी म्हणणार नाही. ज्यांना रविवारी खानापूरपर्यंत जाऊन यायचंय, किंवा येळ्ळूरला राजहंसगडाचा चढ मारायचाय, त्यांनी बहुधा तेच घ्यावं. पंचविशीच्या आत असाल तर करंगळीची कटकट कदाचित होणारही नाही. माझ्या भाच्याला होत नाही. रोज बाजार, रोज गल्ली आणि मान आधीच कुरकुरणारी असेल तर मात्र मी दुसऱ्या हँडलचा विचार आधी करेन.

माझं सरळ हँडल मागच्या पडवीत खिळ्याला टांगलेलं आहे, मध्यावर डब्याचा लाल पत्रा अजून तसाच. भाच्याला म्हटलं घेऊन जा. त्याने माझ्या सायकलवरून कॅम्पापर्यंत एक फेरी मारली, परत आला आणि विचारलं, "मामा, हे वळलेलं कुठं मिळालं?"