शिसवी काष्ठतरंग: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

आमच्या शहराच्या पूर्व भागात गाण्याचा क्लास चालवायचा म्हणजे शेजारच्या कापड विणायच्या मागांचा खडखडाट तानपुऱ्यासारखा गृहीत धरायचा. मुलांना स्वर ऐकवायला आधी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा संच होता. त्याची टिणटिण त्या खडखडाटातूनही मागच्या ओळीपर्यंत पोचायची. यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर शिसवी पट्ट्यांचा काष्ठतरंग, म्हणजे काठ्यांनी ठोके देऊन वाजवायचा लाकडी संच, घेतला. आता दिवाळी झाली, म्हणून लिहितोय.

लाकडाचा स्वर टिकत नाही. ठोका दिला की सेकंदाच्या आत संपला. एका पालकांनी विचारलंच, "सर, बिघडलंय का हे?" बिघडलेलं नाही. लाकडातून आवाज सावकाश जातो असंही नाही. रेषांच्या दिशेने तो सेकंदाला साधारण ४००० मीटर धावतो, अ‍ॅल्युमिनियममध्ये ५०००च्या आसपास. फरक आहे तो थरथर जिरण्यात. लाकडाच्या तंतूंमध्ये घर्षणाने तिची उष्णता होते, आणि वरचे किणकिणते उपस्वर आधी जातात. धातूत ती रेंगाळते. 'सारेग, रेगम' जलद घेतलं की मागचा सा पुढच्या स्वरांत घुसायचा; एका हाताने पट्ट्या दाबत बसावं लागायचं. शिसवीवर दुगुनीतले (दुप्पट लयीतले) अलंकार, म्हणजे असे सरगमचे पलटेही सुटे ऐकू येतात. लांब सा लावायला शिकवायचा असेल तर मात्र काष्ठतरंग कुचकामी, सरळ हार्मोनियम काढा. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, लाकडी-धातूच्या दोन्ही संचांवर नाहीच.

शिसवी संचातला तार सा (वरचा सा) पहिल्या दिवसापासून 'ठक्क' वाजत होता. पट्टी सोडवून स्पंजाच्या दोन तुकड्यांवर ठेवली, वर रांगोळी भुरभुरली आणि मधोमध हलके ठोके दिले. रांगोळी सरकत सरकत दोन आडव्या रेघांवर जमली, दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवर. पट्टी तिथे जवळपास हलतच नाही, म्हणून आधार तिथेच हवा. कारागिराने दोरीची भोकं बरीच आत पाडली होती. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, "लाकडाचं असंच असतं." शेवटी दोरी सैल करून योग्य जागी फेल्टचे तुकडे लावले. आता बरी बोलते.

मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला तसं लाकूड सुकलं आणि स्वर किंचित चढले. धातू तापून उलट केसभर उतरतो. दोन्ही संच एकत्र वाजवले की आवाज डुलायचा. सप्टेंबरच्या दमट हवेत लाकूड परत खाली आलं. एकच संच वाजवताना कुणाच्या कानाला कळत नाही, पण खिडकीपाशी ठेवू नका.

जुना संच विकलेला नाही. सरोदवादक अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी मैहर बँड या आपल्या वाद्यवृंदासाठी बंदुकीच्या नळ्यांचा नलतरंग केला होता, तेव्हा धातूला नावं ठेवायचं कारण नाही. माग चालू असले की मीही तोच काढतो.

सोबत आलेल्या काठ्यांची डोकी कडक प्लास्टिकची आहेत, शिसवावर खुणा पडतात. रबरी डोक्याच्या वेगळ्या घ्या.